गावाचा बाजार की बाजाराचं गाव?

श्रोतेहो, आपल्याकडचा आठवड्याचा बाजार डोळ्यांपुढे आणा. सकाळी पालं उभी राहतात, दिवस मावळताना उठतात. एखाद्या आठवड्याला कापडवाला आला नाही, तर त्याच्या जागी भांडीवाला बसतो. बाजार काही मोडत नाही. आज याच्या अगदी उलट गोष्ट सांगायची आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहराच्या आग्नेयेस नॉर्थ रँडल नावाचं खेडं आहे. वस्ती हजाराच्या आसपासची. घोड्यांच्या शर्यतींसाठी ते पूर्वी प्रसिद्ध होतं. तिथल्याच शर्यतीच्या एका मैदानाच्या जागेवर एडवर्ड डीबार्टोलो यांनी 'रँडल पार्क मॉल' बांधला. ऑगस्ट १९७६ मध्ये तो उघडला. वीस लाख चौरस फुटांहून अधिक जागा आणि दोनशेच्या घरात दुकानं! जगातला सर्वांत मोठा मॉल, अशी त्याची त्या वेळी ख्याती झाली.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा खेड्यात एवढा बाजार कशाला? तर तो खेड्यासाठी नव्हताच मुळी. अमेरिकेत घरोघर मोटारी आल्या होत्या, रुंद रस्ते झाले होते. शहराबाहेर जमीन ऐसपैस मिळे. मोटार उभी करायला जागा असली, की गिऱ्हाईक पाच-दहा मैल सहज येई.

आता मॉल चालतो कसा, ते पाहू. त्याच्या टोकांना मोठमोठी दुकानं असतात. व्यापारी त्यांना 'अँकर' म्हणतात. अँकर म्हणजे नांगर. शेतातला नव्हे बरं का, जहाजाचा! रँडल पार्कला सीअर्स, जेसी पेनी, हिग्बीज, मे कंपनी आणि हॉर्न असे पाच नांगर होते. लोक यायचे मोठ्या दुकानासाठी. येता-जाता लहान दुकानांत चपला, खेळणी, खाऊ घ्यायचे. म्हणजे लहानांचा धंदा मोठ्यांच्या आधारावर उभा. पुष्कळ मॉलमध्ये करारातच लिहिलेलं असतं, की मोठं दुकान गेलं तर लहान दुकानदाराला भाडं कमी द्यायची किंवा जागा सोडायची मुभा राहील.

गावाचं दैव या बाजाराशी इतकं बांधलं गेलं, की गावाच्या मुद्रेवरसुद्धा खरेदीच्या पिशव्या आल्या.

पण १९७८ मध्ये काही मैलांवर, बीचवुड या सधन वस्तीत दुसरा मॉल उघडला. गिऱ्हाईक तेच, वाटेकरी वाढले. इकडे क्लीव्हलंडमधील कारखान्यांतली कामं घटली. १९५० साली त्या शहराची लोकसंख्या नऊ लाखांवर होती. २०१० च्या शिरगणतीत ती चार लाखांहूनही कमी भरली. माणसं आणखी दूरच्या उपनगरांत गेली, तर त्यांच्यामागे दुकानंही गेली. २००१ ते २००३ या काळात मोठी दुकानं एकापाठोपाठ एक उठली. नांगर सुटला, की जहाज कुठवर टिकणार? अर्ध्या रिकाम्या मॉललाही छप्पर, दिवे, राखण यांचा खर्च लागतोच. उत्पन्न मात्र आटतं. २००९ मध्ये मॉल बंद झाला. २०१४ च्या अखेरीस तो पाडायला सुरुवात झाली.

त्याच जागी २०१८ मध्ये अॅमेझॉन कंपनीचं अवाढव्य गोदाम सुरू झालं. घरबसल्या मागवलेला माल तिथून रवाना होतो. गावाला पुन्हा रोजगार मिळाला, हे खरंच. पण बाजारात जी माणसं एकमेकांना भेटत, ती गोदामात कशी भेटणार?

मंडळी, मोठा बाजार वाईट, असं मला म्हणायचं नाही. त्याने तेहतीस वर्षं कितीतरी घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. पण सारं शिवार एकाच पिकाखाली आणलं आणि रोग पडला, तर काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. नॉर्थ रँडलनं हेच केलं. आपल्याकडेही आता तालुक्याच्या गावापर्यंत मोठी दुकानं पोचत आहेत, घरपोच मालही येतो आहे. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, एक काम करा. वर्गातल्या मुलांना गावात हिंडवा आणि विचारून घ्या : आपल्या गावात पैसा किती वाटांनी येतो? त्यातली एक वाट उद्या बंद झाली, तर किती घरं अडतील?

मुलांनी काढलेला तो हिशेब एकदा ग्रामसभेपुढेही वाचून दाखवा.