रेशीम कीटकाचा मध्ययुगीन प्रवास

तुतीवरील रेशीम कीटकाचा पतंग उडू शकत नाही. त्याला पंख असतात, परंतु हजारो वर्षांच्या पाळीव जीवनामुळे त्यांतील बळ नाहीसे झाले आहे. प्रौढावस्थेत तो अन्नही घेत नाही. अळीची स्थिती याहून वेगळी नाही. पाला तोंडाशी आणून दिला नाही, तर ती शोधार्थ दूर जात नाही. असा परावलंबी कीटक चीनमधून निघून मध्य आशिया, भूमध्य सागराचा पूर्व किनारा, स्पेन आणि सिसिलीपर्यंत पोहोचला. टोळ किंवा लष्करी अळी यांचा प्रसार त्यांच्या स्वतःच्या बळावर होतो. रेशीम कीटकाचे प्रत्येक पाऊल मात्र माणसाने टाकले आहे. त्यामुळे मध्ययुगातील समाज एकमेकांशी कसे जोडले गेले होते, हे समजून घेण्यासाठी हा कीटक एक विश्वासार्ह साक्षीदार ठरतो.

या प्रवासाची जैविक किल्ली अंड्यात आहे. मादी साधारणपणे चारशे ते पाचशे अंडी घालते आणि एका ग्रॅममध्ये दीड ते दोन हजार अंडी मावतात. थंड प्रदेशातील, वर्षातून एकच पिढी देणाऱ्या जातींची अंडी घातल्यानंतर काही दिवसांत पिवळ्याची गडद करडी होतात व सुप्तावस्थेत जातात. हिवाळ्याची थंडी मिळाल्याशिवाय ही सुप्तावस्था मोडत नाही, आणि तोवर अंडे कित्येक महिने जिवंत राहते. आपल्याकडील उष्ण प्रदेशातील बहुपिढी जातींची अंडी मात्र दहा-बारा दिवसांत उबतात. उंटांच्या तांड्यांच्या गतीने ती फार दूर गेली नसती.

या दृष्टीने दोन जुन्या कथा तपासण्यासारख्या आहेत. पहिली खोतानची, म्हणजे तकलामकान वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या बौद्ध राज्याची. इसवी सन 644 च्या सुमारास भारतातून परतताना ह्युएन त्संग तेथे थांबला आणि स्थानिक परंपरा त्याने नोंदवून ठेवली. पूर्वेकडील राज्याने अंडी व तुतीचे बी देण्यास नकार दिला, तेव्हा खोतानच्या राजाने तेथील राजकन्येला मागणी घातली. वधूने दोन्ही वस्तू शिरोभूषणात लपवून आणल्या, कारण सीमेवरील पहारेकरी राजकन्येच्या मस्तकाला हात लावू शकत नव्हते. याच प्रसंगाचे चित्र असलेली एक लाकडी पट्टी ऑरेल स्टाइन यांना 1900 मध्ये दंदान ओइलिक येथील अवशेषांत सापडली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कथेतील राजकन्या खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना विषयाची जाण होती. त्यांनी अंडी आणि तुती या दोहोंची सांगड घातली आहे. पाल्याविना अंडी व्यर्थ, हे ज्याने संगोपन केले आहे त्यालाच सुचते.

कथेचा पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. पहिले कीटक जेथे वाढवले, तेथे विहार उभारला गेला आणि कीटकाला मारू नये, पतंग बाहेर पडून गेल्यावरच कोषाचे सूत काढावे, असा नियम राणीने शिळेवर कोरविला. धर्माचा हा निर्बंध थेट तंत्रापर्यंत पोहोचतो. पतंग बाहेर पडताना स्रावाने कोषाचा डिंक विरघळवतो आणि तंतू बाजूला सारतो. अशा कोषातून शेकडो मीटरची अखंड तार उकलता येत नाही. कापसाप्रमाणे पिंजून सूत कातावे लागते. सूत जाडसर, चमक कमी, पण कापड टिकाऊ. आसामातील एरी रेशमाचा कोष मुळातच एका टोकाला उघडा असल्याने तोही असाच कातला जातो. भिक्षूंनी रेशीम वापरावे की नाही, हा वाद चीनमधील बौद्ध संघातही होता. सातव्या शतकात नालंदा येथे राहिलेल्या इत्सिंगने रेशमाच्या संपूर्ण निषेधाच्या विरोधात मत मांडले आहे.

दुसरी कथा बायझंटाइन साम्राज्याची. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला, लागणारे रेशीम मुख्यतः इराणी व्यापाऱ्यांच्या हातून येत असे आणि इराणशी तर वारंवार युद्धे होत. प्रोकोपियस लिहितो की, 552 च्या सुमारास काही भिक्षू सम्राट जस्टिनियनकडे आले. अळ्या जिवंत आणणे अशक्य आहे, परंतु अंडी आणता येतील, असे त्यांनी सांगितले. ते परत गेले, अंडी घेऊन आले आणि शेणाच्या उबेत ती उबवली. दुसऱ्या एका लेखकाच्या मते अंडी आणणारा माणूस इराणी होता आणि त्याने ती पोकळ वेताच्या काठीत दडवली होती. अळ्या नव्हे, अंडी, हा भिक्षूंचा सल्ला कीटकशास्त्राच्या कसोटीस पूर्णपणे उतरतो. शेणाचे मला थोडे नवल वाटते, कारण कुजणाऱ्या शेणाची ऊब आवरणे सोपे नसते. तरी उबवणीसाठी नियंत्रित उष्णता हवी, हे त्यांना ठाऊक होते हे निश्चित.

पाल्याची अडचण तेथे नव्हती. फळांसाठी लावलेली काळी तुती भूमध्य प्रदेशात आधीपासून होती. तिचा पाला जाड व खरखरीत असतो. इटलीत संगोपनासाठी अधिक सोयीची पांढरी तुती पंधराव्या शतकापासून पसरली. तोवरची कित्येक शतके पश्चिमेकडील बरेचसे रेशीम काळ्या तुतीवर पोसले गेले.

पुढे अरबी सत्तेबरोबर हे संगोपन स्पेनपर्यंत गेले. सिसिलीचा नॉर्मन राजा दुसरा रॉजर याने 1147 मध्ये ग्रीसवर स्वारी करून थीब्ज आणि कॉरिंथ येथील रेशीम विणकर पालेर्मोला नेले. विणकरांच्या दृष्टीने तो देवाणघेवाणीचा नव्हे, अपहरणाचा प्रसंग होता. कोष व तुती हाती असूनही कुशल माणसावाचून उद्योग वाढत नाही, हे राजाने ओळखले होते.

अंड्यांबरोबर आणखी एक प्रवासी जातो. पेब्रिन हा रोग नोसेमा बॉम्बिसिस या सूक्ष्मजीवामुळे होतो आणि मादीकडून अंड्यात उतरतो. अंडे बाहेरून निरोगी दिसते. 1850 नंतरच्या काळात या रोगाने फ्रान्स व इटलीतील संगोपन उद्ध्वस्त केले आणि निरोगी अंड्यांच्या शोधात तेथील व्यापाऱ्यांना जपानपर्यंत जावे लागले. लुई पाश्चर यांनी 1865 पासून यावर काम केले. प्रत्येक मादीला अंडी घालण्यासाठी वेगळे ठेवायचे, नंतर तिला चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आणि बीजाणू आढळल्यास तिची सर्व अंडी नष्ट करायची, अशी ती पद्धत आहे. ‘रोगमुक्त अंडीपुंज’ हे नाव आज ज्या पाकिटावर असते, त्यामागे हीच मातृपतंग तपासणी असते. शेजारच्या शेतकऱ्याकडून किंवा प्रवाशाच्या पिशवीतून आलेल्या अंड्यांना ती लाभलेली नसते. अशी अंडी गावात आल्याचे कळल्यास विस्तार कार्यकर्त्यांनी ती संगोपनगृहात जाण्यापूर्वी जवळच्या रेशीम कार्यालयास कळवावे आणि पहिल्या दोन अवस्थांतील अळ्या शक्यतो चॉकी केंद्रातूनच घेण्यास शेतकऱ्यांना सांगावे.