दाब सोसणारे, ताण सोसणारे

महाड-पोलादपूरच्या डोंगरांत पूल, दरड आणि दोर एकच धडा देतात : न दबणं वेगळं आणि न तुटणं वेगळं.

रायगडावर जायच्या नेहमीच्या दोन वाटा आहेत. एक चित्त दरवाज्याकडून चढणारी, साधारण दीड हजार पायऱ्यांची. दुसरी हिरकणीवाडीतून निघणारी, रोपवेची. तो १९९६ साली सुरू झाला. त्याची लांबी जेमतेम पाऊण किलोमीटर आहे. पायरीवर पाय पडला की दगड दाबला जातो आणि आपलं वजन डोंगरात उतरतं. रोपवेच्या पाळण्यातलं वजन मात्र कशावरच टेकलेलं नसतं. दोराला ओढत ते दोन्ही टोकांकडं जातं. पदार्थांची दोन घराणी इथं शेजारी शेजारी दिसतात. एक दाब सोसणारं, दुसरं ताण सोसणारं.

सह्याद्रीचा घट्ट काळा पाषाण एका चौरस सेंटीमीटरवर दीड हजार किलोंचा दाब सहज पेलतो. तोच ओढला, तर साधारण दहाव्या हिश्श्यातच हार मानतो. काँक्रीटची गतही तीच. म्हणून तर स्लॅबमध्ये सळ्या घालाव्या लागतात. स्लॅबवर भार आला की मधोमध त्याची खालची बाजू ताणली जाते आणि ते काम काँक्रीटच्या आवाक्यातलं नाही. बांधकामावरची नेहमीची ‘फे-५००’ सळई तेवढ्याच जाडीला सुमारे पाच हजार किलोंची ओढ घेते. रोपवेसारख्या कामांसाठी बनवल्या जाणाऱ्या पोलादी तारांची ताकद अठरा हजारांच्या आसपास असते.

एवढा फरक पडतो तो भेगांमुळे. प्रत्येक दगडात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. दाबलं की त्या मिटतात, ओढलं की उघडतात आणि सगळा ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो. इंग्रज अभियंता ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ मध्ये काचेवरच्या प्रयोगांतून हे मांडलं. जाड कांडीपेक्षा काचेचा बारीक तंतू जाडीच्या मानाने कितीतरी बळकट निघाला, कारण त्यात मोठ्या चिरेला जागाच नव्हती. पोलाद चिरेच्या टोकाशी थोडं वाहतं, ताण पसरवतं, म्हणून ते वाचतं. आणि दोर एका जाड कांबीचा न करता अनेक तारा पिळून करतात, तेव्हा एक तार तुटली तरी तिची चीर शेजारच्या तारेत शिरत नाही.

कमानीची युक्ती

ताण सोसता न येणाऱ्या दगडाकडून नदी ओलांडून घेणं ही जुन्या स्थपतींची करामत. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबतो आणि तो रेटा शेवटी खांबांत जातो. ओढ कुठंच येऊ द्यायची नाही, हे त्यामागचं गणित. मात्र एक अट आहे : खांब हलता कामा नये. पाया खचला किंवा पाण्याने खरवडला, की कमान फाकते, सांधे उघडतात आणि दगडावर त्याला कधीच न झेपणारं काम येऊन पडतं. सळई आधी वाकून इशारा देते. दगडी बांधकामाला तशी सवय नाही.

महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८ सालचा, दगडी कमानींचा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री नदीला महापूर आला असताना तो कोसळला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह अंधारात नदीत गेल्या. इतर वाहनंही गेली. नवा पूल जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला.

डोंगराला पडलेली भेग

मातीचा स्वभाव दगडाहून टोकाचा. ती ओढ जवळजवळ सोसतच नाही. उताराचा खालचा भाग सरकू लागला की माथ्याकडची जमीन ताणली जाते आणि तिथं आडवी, बहुधा कमानदार भेग पडते. पावसाचं पाणी त्या भेगेत भरतं, दोन्ही बाजूंना रेटतं, आतली माती सैल करतं. या तालुक्यांना त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळियेत दरडीखाली ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीही गाडली गेली.

मातीत ताण सोसण्याचं जे काही बळ असतं ते मुळांचं. स्लॅबमध्ये सळई करते तेच काम उतारावर मुळं करतात. तिथंही जाड मुळापेक्षा बारीक मूळ जाडीच्या मानाने बळकट. पण मुळांची धाव काही फुटांची. घसरण त्याखालून झाली तर झाडं उभीच्या उभी खाली येतात. म्हणून घराच्या वरच्या अंगाला नवी भेग दिसली, तर ती बुजवून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. ती ताणाची खूण आहे. पाऊस चालू असेल, तर घर सोडायचं.

दोराचे नियम

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. तीस जण गेले, एक जण वाचला. महाबळेश्वर, पोलादपूर, महाड भागातले ट्रेकर दोर घेऊन शेकडो फूट खाली उतरले.

अशा कामाचा दोर नायलॉनचा असतो : आत भार घेणारा गाभा, बाहेर त्याला जपणारं विणलेलं कवच. प्रस्तरारोहणाचा दोर पडणाऱ्याचा झटका झेलताना बराच लांबतो, आणि लांबतो म्हणूनच माणूस वाचतो. न लांबणारा दोर तो झटका कमरेला देईल. या मंडळींचे नियमही ठरलेले. दोर पायाखाली येऊ द्यायचा नाही. गाठ मारली की ताकद घटते, हे हिशेबात धरायचं. कड्याच्या धारेवर तो घासू द्यायचा नाही. आणि मोठा झटका खाल्लेला दोर वरून कितीही धड दिसला तरी बाद करायचा.

तुटेल इतकं ताणणं

माणसांविषयी बोलताना आपण नेमकं चुकीच्या घराण्यातलं विशेषण उचलतो. प्रत्येक पुरानंतर, प्रत्येक दरडीनंतर ‘कातळासारखा कणखर कोकणी माणूस’ छापून येतो. इथल्या माणसाचं आयुष्य मात्र कातळाचं नाही, दोराचं आहे. दोराला ताण दोन्ही टोकांनी असतो. एका टोकाला मुंबईतली नोकरी आणि भाड्याची खोली, दुसऱ्या टोकाला घर, शेत, म्हातारे आईवडील.

पोलादपूर तालुक्यातलं उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं गाव. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाण्यावर तानाजी पडल्यावर मागं फिरलेल्या मावळ्यांना त्यांच्या भावाने, सूर्याजीने, दोर कापल्याचं सांगितलं, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. परतीचे दोर कापण्यातली मर्दुमकी मोठी, पण ती एका रात्रीच्या लढाईची. चाकरमान्याला दोर कापून चालत नाही. त्याला तो आयुष्यभर, दोन्ही टोकांनी ताणलेला, सांभाळावा लागतो.

अशा माणसाला कणखर म्हणून आपण मोकळे होतो, आणि तुटला नाही म्हणून त्याच्यावर पुढचा भार टाकतो. रोपवे चालवणारा असं करत नाही. दोर जेवढ्याला तुटेल त्याच्या कितीतरी कमी भार तो टाकतो, ठरल्या काळाने तारा तपासतो आणि दोर धड दिसत असतानाच बदलतो. दरडग्रस्तांचं पुनर्वसन असो की पुरात कामावर उभ्या राहिलेल्या कर्मचाऱ्याची रजा, हिशेब असाच मांडायला हवा. पहिला झटका सोसला हा दुसरा सोसण्याचा पुरावा नव्हे.