एडिंबराचा निवाडा, मुंबईचा भागधारक

डिसेंबर २०२० च्या अखेरीस केर्न या तेलकंपनीने भारत सरकारविरुद्धचा आंतरराष्ट्रीय लवाद जिंकल्याचे, आणि सरकारने तिला १२० कोटी डॉलर, शिवाय व्याज व खर्च, द्यावेत असा निवाडा झाल्याचे वर्तमान जेव्हा आपल्याकडील वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, तेव्हा ज्यांनी कधीकाळी मुंबईच्या बाजारात केर्न इंडियाचे समभाग घेतले होते अशा सामान्य गृहस्थांपैकी कित्येकांच्या मनात, यातून आपल्याही पदरी काही पडेल काय, अशी आशा डोकावली असल्यास नवल नाही. ती आशा निराधार होती. जिंकलेली केर्न एक होती आणि मुंबईच्या भागधारकाने घेतलेली केर्न दुसरी.

या दोघींचे नाते थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. स्कॉटलंडचे माजी रग्बीपटू बिल गॅमेल यांनी उभी केलेली केर्न एनर्जी ही एडिंबरा येथील कंपनी. राजस्थानातील बाडमेरच्या वाळवंटात, जेथून शेलसारखी मातब्बर कंपनी अल्प मोबदला घेऊन बाहेर पडली होती, तेथेच २००४ च्या जानेवारीत तिला मंगला नावाचे विपुल तेलक्षेत्र गवसले आणि तिचे नशीब पालटले. पुढे २००६ साली तिने आपला हिंदुस्थानातील सारा पसारा केर्न इंडिया या नव्या कंपनीच्या स्वाधीन केला, आणि त्या कंपनीचे समभाग १६० रुपये दराने जनतेस विकून २००७ च्या आरंभी ते मुंबईच्या बाजारात नोंदवले. एडिंबराच्या मातेकडून मुंबईच्या कन्येकडे झालेले हे मालमत्तेचे हस्तांतर पुढे सर्व कलहाचे मूळ ठरले. परंतु त्या वेळी आयकर खात्याने त्यास हरकत घेतलेली नव्हती.

हरकत आली ती एका निराळ्याच कज्जाच्या पोटातून. व्होडाफोनच्या करप्रकरणात २०१२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निर्णय दिला, तेव्हा तत्कालीन अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात आयकर कायदाच दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती १९६२ पासून अमलात होती असे गृहीत धरावे, असे फर्मान काढले. कर बसविण्याचा सार्वभौम अधिकार कोणीही नाकारीत नाही. पण अर्धशतकामागील व्यवहारास आज नवा नियम लावणे म्हणजे अधिकाराचा वापर की अतिरेक, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. या दुरुस्तीच्या आधारे, २००६ च्या त्या हस्तांतरावर बोट ठेवून, २०१४ च्या जानेवारीत खात्याने केर्न एनर्जीजवळ उरलेला केर्न इंडियातील सुमारे दहा टक्के हिस्सा अडकवून ठेवला आणि २०१५ च्या मार्चमध्ये १०,२४७ कोटी रुपयांची मागणी बजावली. पुढे त्या समभागांवरील लाभांश खात्याने जप्त केला, करपरतावा वळता करून घेतला आणि बहुतेक समभागही विकून टाकले.

मुंबईच्या भागधारकाच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची गोष्ट दुसरीच होती. त्याच सुमारास केर्न इंडियालाही व्याजासह सुमारे २०,४९५ कोटी रुपयांची मागणी आली; कारण असे दाखविण्यात आले की, मातृसंस्थेला मोबदला देताना तिने कर कापून घ्यावयास हवा होता. म्हणजे नफा एडिंबराला झाला असे म्हणावयाचे आणि त्यावरील कर न कापल्याबद्दल बाडमेरच्या तेलावर जगणाऱ्या कंपनीसही जबाबदार धरावयाचे! तोपर्यंत केर्न इंडियाची मालकी अनिल अगरवाल यांच्या वेदांत समूहाकडे गेलेली होती, आणि जगातील तेलाचा भाव शंभर डॉलरांवरून २०१६ च्या आरंभी तिसाच्याही खाली कोसळला होता; तेव्हा समभागाची घसरण करामुळे किती आणि तेलामुळे किती, याचा हिशेब लावणे सराफालाही कठीण गेले असते.

येथे एक भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. १९९४ च्या भारत-ब्रिटन गुंतवणूक करारान्वये सरकारला लवादापुढे खेचण्याचा हक्क ब्रिटिश गुंतवणूकदारास होता, भारतीय भागधारकास नव्हे. एकाच कायद्याचा फटका बसूनही एका भागधारकाच्या वतीने हेगच्या लवादाचा दरवाजा ठोठावता येत होता, तर दुसऱ्याच्या कंपनीला आपल्याच देशाच्या न्यायालयांची पायरी चढावी लागत होती. हेग येथे जो निवाडा झाला तो एकमताने झाला, आणि तीन सदस्यांत भारत सरकारने नेमलेला सदस्यही होता, ही गोष्ट सरकारच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत.

परंतु दिवाणी न्यायालयाच्या आवारात ज्याने कधी वर्षे काढली आहेत, त्यास हुकूमनामा हाती येणे आणि दरखास्तीतून रक्कम वसूल होणे यांतील अंतर सांगावयास नको. राष्ट्राविरुद्धच्या हुकूमनाम्याची बजावणी तर अधिकच बिकट, कारण परक्या राष्ट्राच्या मालमत्तेला इतर देशांच्या न्यायालयांत सार्वभौमत्वाचे कवच असते. सरकारने निवाड्यास नेदरलंड्सच्या न्यायालयात आव्हान दिले. केर्नने न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सरकारी मालकीच्या असलेल्या एअर इंडियावर, ती सरकारचेच दुसरे रूप आहे असे म्हणून, दावा लावला. आणि २०२१ च्या जुलैमध्ये पॅरिसमधील भारत सरकारच्या सुमारे वीस मिळकतींवर फ्रेंच न्यायालयाच्या हुकुमाने टाच आल्याचे उघड झाले. केर्न एनर्जीचा लंडनच्या बाजारातील छोटा भागधारक या एकेका बातमीसरशी भाव वर-खाली होताना पाहत होता, जरी त्या बातम्यांनी अद्याप एक छदामही वसूल झालेला नव्हता.

पैसा आला तो न्यायालयातून नव्हे, संसदेतून. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी मांडलेल्या विधेयकाने तो पूर्वलक्षी कर रद्द झाला आणि वसूल केलेली रक्कम परत करण्याचे ठरले. मात्र अट अशी की, कंपनीने सर्व दावे मागे घ्यावेत आणि व्याज व खर्च यांवर पाणी सोडावे. निवाड्याप्रमाणे येणे व्याज-खर्चासह सुमारे १७० कोटी डॉलरांवर गेले होते. २०२२ च्या फेब्रुवारीत प्रत्यक्ष हाती आले ते सुमारे ७,९०० कोटी रुपये, म्हणजे १०६ कोटी डॉलर. वर्षानुवर्षे दरखास्त चालविण्यापेक्षा रोकड पत्करणे कंपनीला शहाणपणाचे वाटले, आणि माझ्या मते ते तसेच होते. तोवर कॅप्रिकॉर्न असे नवे नाव धारण केलेल्या त्या कंपनीने यातील ७० कोटी डॉलरांपर्यंतची रक्कम आपल्या भागधारकांस परत करण्याचे जाहीर केले.

मुंबईच्या भागधारकाचा केर्न इंडियाचा समभाग त्यापूर्वीच, २०१७ च्या एप्रिलमध्ये, वेदांतमध्ये विलीन होऊन गेला होता: एका समभागामागे वेदांतचा एक समभाग आणि दहा रुपये दर्शनी किमतीचे चार अग्रहक्क भाग, तेही आधीच्या प्रस्तावात एकच होता आणि अल्पसंख्य भागधारक खूश नव्हते म्हणून वाढविलेले. एडिंबराला जी रक्कम परत गेली ती मात्र सरकारी तिजोरीतून गेली, आणि त्या तिजोरीत हाच गृहस्थ दरसाल आयकर भरीत होता.