आपत्ती आणि राज्य (भाग ४) : निळी रेषा, लाल रेषा

जुलै लागला की सांगलीत चहाच्या गाड्यावर पहिला प्रश्न एकच असतो : "आयर्विनला किती?" उत्तर फुटांत येते. १९२९ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या, कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाजवळची फूटपट्टी शहराला तोंडपाठ आहे. अमुक फुटांना कोणाच्या अंगणात पाणी येते आणि तमुक फुटांना कोणत्या पेठेतला माल वरच्या मजल्यावर न्यावा लागतो, हे सांगायला तिथे सरकारी पत्रक लागत नाही. कोल्हापुरात हीच चौकशी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची होते. तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. सांगलीत ४० आणि ४५.

मागच्या भागात आपण किल्लारी पाहिली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली आणि आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा लिहून ठेवण्याची सवय राज्याला तिथूनच लागली. पण भूकंप सांगून येत नाही. पूर येतो, तोही बराच आधी. तेव्हा राज्याने काय काय शिकून घेतले हे तपासायचे तर कृष्णा-पंचगंगेचा काठच गाठावा लागतो. तिथे दिसते ते असे : बुडणाऱ्या माणसाला बाहेर काढण्यात सरकार बरेच तयार झाले आहे, आणि माणसाने पाण्याच्या जागेत घर बांधू नये याबाबत त्याचे अजून ठरतच नाही.

आधी तयारीबद्दल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढली, म्हणजे २००५ च्या महापुरापेक्षाही साडेतीन फुटांच्या वर. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. पश्चिम महाराष्ट्रातून चार लाखांहून अधिक माणसे हलवावी लागली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ माणसे बाहेर काढणारी बोटच उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले. बोट गावचीच होती, चढलेली माणसे फार होती.

इतकी माणसे शेवटच्या क्षणापर्यंत घरात का थांबली? एक कारण गोठ्यात होते. म्हशी सोडून जायचे कुठे, हा प्रश्न दुधाच्या पट्ट्यात किरकोळ नाही आणि निवारा केंद्र म्हणून उघडलेल्या शाळेत जनावरांची सोय नव्हती. दुसरे कारण जास्त विचार करायला लावणारे आहे. गावोगावी भिंतींवर २००५ च्या पाण्याच्या खुणा होत्या आणि "पाच साली इथपर्यंत आलं होतं, याच्या वर येत नाही," असा त्या खुणांवर लोकांचा विश्वास होता. सामान माळ्यावर ठेवले गेले ते त्या खुणेच्या हातभर वर. पाणी त्याच्याही वर गेले. मागचा पूर लक्षात असणे ही तयारीच, पण ती त्या पुरापुरतीच.

२०१९ नंतर बदल झाला, हे मान्य करायला हवे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या ऐन पावसाळ्यात, पूर येण्याआधीच, या दोन जिल्ह्यांत येऊन राहू लागल्या. राज्याचे स्वतःचे दल धुळे आणि नागपूर इथे आहे. नकाशा उघडून पाहिला तर दोन्ही ठिकाणे कृष्णेपासून किती लांब आहेत ते कळेल. जून २०२१ मध्ये तेव्हाचे जलसंपदा मंत्री जयंत पाटील बंगळुरूला जाऊन मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, ते कोयनेपासून अलमट्टीपर्यंत कोणत्या धरणाने कधी किती पाणी सोडायचे याचा मेळ बसावा म्हणून. महिन्याभरातच, २२ आणि २३ जुलैला, घाटमाथ्यावर प्रचंड पाऊस झाला. पंचगंगा ५६ फुटांपर्यंत गेली, म्हणजे २०१९ च्याही पुढे. त्या वेळी स्थलांतर मात्र बऱ्यापैकी आधी सुरू झाले होते.

या तयारीच्या मागे एक यंत्रणा आहे, ती समजून घेऊ. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पर्जन्यमापके व नदीपातळी मोजणारी स्वयंचलित केंद्रे बसवलेली आहेत आणि त्यांचे आकडे पुण्याच्या सिंचन भवनात येतात. तिथून धरणावरच्या अभियंत्याला, जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नियंत्रण कक्षाला आणि पुढे तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील अशी साखळी हलते. सगळ्यात अवघड निर्णय धरणाच्या दारांचा. १०५.२५ टीएमसीचे कोयना धरण जुलैत थोडे रिकामे ठेवावे, म्हणजे पुराचे पाणी अडवायला जागा राहील, असे खालची गावे म्हणतात. पुढे पाऊसच पडला नाही तर सिंचन आणि वीज यांचे काय, असे धरण सांभाळणारा म्हणतो. दोघांचेही खरे आहे. राधानगरीत तर हा प्रश्न विचारायलाही फुरसत नसते. तिथले स्वयंचलित दरवाजे धरण भरले की पाण्याच्या दाबाने आपसूक उघडतात.

पण आयर्विनची पट्टी इशारा पातळीला पोचण्याआधीच सांगलीतल्या सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता या भागांत पाणी शिरते. म्हणजे सरकारी इशाऱ्याच्या आतच तिथली माणसे घराबाहेर पडलेली असतात. त्या वस्त्या बसल्या कशा, हा प्रश्न बोटींनी सुटणारा नाही. त्यासाठी पूररेषेकडे वळावे लागते.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती हद्द, आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधली जमीन निषिद्ध क्षेत्र, निळी आणि लाल यांमधली नियंत्रित क्षेत्र. ऐकायला हे ठीकठाक वाटते. घोळ "२५ वर्षांतून एकदा" या शब्दांत आहे. एकदा पूर येऊन गेला की पुढची २४ वर्षे निवांत, असा त्याचा अर्थ बहुतेक जण घेतात, बिल्डर तर आवर्जून घेतात. खरा अर्थ असा की दर पावसाळ्यात तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात चार आहे, काल आला असला तरी. आता तीस वर्षांचे गृहकर्ज धरा. निळ्या रेषेवर घर घेतले तर कर्ज फिटण्याआधी एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता सुमारे सत्तर टक्के होते. लाल रेषेवर घेतले तरी चारात एक. ही शक्यता घराच्या जाहिरातीत मी तरी कधी छापलेली पाहिली नाही.

शिवाय हे गणित जुन्या पावसाच्या नोंदींवर उभे आहे. २००५, २०१९, २०२१ असे सतरा पावसाळ्यांत तीन महापूर पाहिलेल्या माणसाने त्या रेषांवर किती विश्वास ठेवावा?

नियमांची गोष्टही पाहण्यासारखी आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. निळ्या आणि लाल रेषांमध्ये बांधकामाला ती परवानगी देते. अट अशी की जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे जेमतेम दीड फूट, उंच हवे. घरमालकापुरती ही अट शहाणपणाची. पण जोते उंच करण्यासाठी जमिनीत भराव पडतो आणि भरावाने हटवलेले पाणी जाते शेजारच्या जुन्या, बसक्या घरात. कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गाचा भराव असाच पाण्याला आडवा आहे, ही तिथल्या लोकांची कायमची तक्रार आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग याच भागात पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद पडला. म्हणजे भराव पाणी अडवतो आणि ऐन वेळी मदतीची वाटही तिथेच बुडते. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात अतिवृष्टीबरोबरच पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवले होते. चर्चा मात्र झाली ती पुराला अलमट्टी धरण जबाबदार आहे का, याची. अलमट्टी कर्नाटकात आहे आणि आपल्याकडच्या बांधकाम परवान्यांवर बोलण्यापेक्षा कर्नाटकावर बोलणे कोणत्याही पक्षाला सोयीचे.

हे असे का होते, याचे उत्तर मला कारस्थानापेक्षा टेबलांच्या रचनेत दिसते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यानुसार राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री, जिल्हा प्राधिकरणाचे जिल्हाधिकारी. पूर आला की जिल्हाधिकाऱ्यांच्या शब्दावर सगळे हलतात. पण पूर नसताना? रेषा जलसंपदा आखते, विकास आराखडा नगररचना करते, परवाना महापालिका देते. परवान्याच्या शुल्कावर पालिकेचा गाडा चालतो आणि रेषेत जमीन गेलेला मालक हरकत घेऊन नगरसेवकाकडे जातो. तिथे जिल्हाधिकाऱ्यांची बोट पोचत नाही. गंमत म्हणजे कायद्यात याची सोय आहे. प्रत्येक खात्याने स्वतःचा आपत्ती आराखडा करावा आणि आपल्या विकासाच्या योजनांत आपत्ती टाळण्याचे उपाय गुंफावेत, असे तो सांगतो. राज्याच्या आराखड्याचा दर वर्षी फेरआढावाही घ्यायचा आहे. मग नगरविकास खात्याच्या आराखड्यात निळी रेषा कुठे आहे, हे विधानसभेत दर पावसाळी अधिवेशनात विचारता येईल.

पैशांचेही तसेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीची विभागणी केली : ८० टक्के मदत-पुनर्वसन व तयारी यांसाठी, २० टक्के आपत्तीची झळ कमी करण्यासाठी. या वीस टक्क्यांचा वेगळा निधी ही चांगली सुरुवात. कृष्णेचे पुराचे पाणी भीमा खोऱ्याकडे, दुष्काळी भागात वळवण्याची मोठी योजनाही राज्याने जागतिक बँकेच्या मदतीने हाती घेतली आहे. दुष्काळी तालुक्यांना तिचा उपयोग होईल. पूर ओसरेल, हे मला पटत नाही. ऐन भरात कृष्णेतून सेकंदाला लाखाहून कितीतरी अधिक घनफूट पाणी जाते आणि पंप-बोगदे त्यातला लहानसा वाटाच उचलू शकतात.

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्तमंदिर आहे. पाणी उत्तरेच्या दाराने आत येऊन श्रींच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा. त्यात स्नान करायला लोक लांबून येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामी मंदिरात जाते, तिथेही आले की आणखी वर. देवाच्या मुक्कामाचा क्रम पाण्याच्या पातळीप्रमाणे ठरलेला आहे आणि कोणी त्याला आपत्ती म्हणत नाही. भोवतीच्या गावाला मात्र असा क्रम नाही. २०१९ मध्ये शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे पाण्यात होती.

मग गावे उचलून उंचावर न्यावीत का? किल्लारीला ते जमले, कारण तिथे जुनी घरे उरलीच नव्हती. नदीकाठचे घर पुरानंतर चिखल काढला की पुन्हा उभे असते. मळीची जमीन दारात असते, ऊस तिथेच, जनावरे तिथेच. पाच किलोमीटरवर प्लॉट दिला तर त्यात मुलगा राहायला जातो, म्हातारा मळीतच राहतो, आणि दोन वर्षांनी मळीतल्या घराला नवे छप्पर पडते. सूर्यवंशी प्लॉटमधल्या भाडेकरूला तर प्लॉटही मिळत नाही. कारण नुकसानभरपाई आणि पुनर्वसन दोन्ही सातबारा किंवा मालमत्ता पत्रक असलेल्याच्या नावाने चालते. निळ्या रेषेतली गुंठेवारी आधी नियमित करून द्यायची, मग तिथूनच लोक हलवायची योजना आखायची, अशा दोन हातांनी राज्य काम करत असेल, तर आधी कोणता हात थांबवायचा हे मंत्रालयातच ठरावे लागेल. नव्या परवान्यांपासून सुरुवात करणे सर्वांत स्वस्त पडेल. तिथे अजून कोणाचे घर नाही, त्यामुळे कोणाचे पुनर्वसनही करायचे नाही.

(पुढील भागात डोंगरकडेच्या वाड्या : माळीण, तळिये आणि दरडप्रवण गावांच्या यादीत नसलेली इरशाळवाडी.)