बर्फ शून्यावर थांबतो तेव्हा

एक ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत शून्य अंशावरचं एक ग्रॅम पाणी थेट ८० अंशांपर्यंत तापतं. बर्फ मात्र हे सगळं गिळतो आणि शून्यावरच बसून राहतो. हिवाळाभर हिमालयात साचलेला बर्फ मार्च-एप्रिलमध्ये हेच करत असतो. आधी वरचा थर शून्याला येतो, मग त्याखालचा, आणि काही दिवसांत माथ्यापासून जमिनीपर्यंत सगळा बर्फ एकाच तापमानाला येतो. यापुढचं ऊन थर्मामीटरला दिसतच नाही. त्याचं पाणी होतं.

खरी गंमत या पाण्याची आहे. थोडंसं असेल तर ते बर्फाला धरून ठेवतं. कणांच्या बेचक्यांत अडकून पृष्ठताणाच्या जोरावर कणांना एकमेकांकडे ओढतं. किनाऱ्यावर किल्ला कोरड्या वाळूचा होत नाही, ओलसर वाळूचा होतो, त्यातलाच हा प्रकार. पाणी वाढलं की पृष्ठताणाची ही ओढ संपते. कणांना जोडणारे बर्फाचे बारीक सांधे विरघळतात आणि पाणी खाली झिरपू लागतं. वाटेत एखादा कडक थर आडवा आला तर त्याच्यावर पसरतं, आणि वरच्या बर्फाची पकड तिथेच सुटते. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर हिमस्खलन व्हायला एवढं पुरतं.

असं हिमस्खलन सिनेमातल्यासारखं पांढरे लोट उडवत येत नाही. कोरड्या बर्फाचा लोंढा ताशी १०० किलोमीटरच्याही पुढे धावतो. हा ओला लोंढा बहुतेकदा त्याच्या निम्म्या वेगानंसुद्धा येत नाही. पण एक घनमीटर ओला बर्फ म्हणजे ३०० ते ५०० किलो. झाडं, गाड्या, जे वाटेत येईल ते लोटत नेतो, आणि थांबला की इतका घट्ट बसतो की हातानं उकरता येत नाही.

सगळा दोष उन्हाचाच, असंही नाही. मला तर यातली रात्रच जास्त विलक्षण वाटते. निरभ्र रात्री बर्फ अवरक्त किरणांच्या रूपानं आकाशाकडे इतकी उष्णता फेकतो, की हवा शून्याच्या थोडी वर असली तरी त्याचा पृष्ठभाग गोठतो. दिवसाचं पाणी पुन्हा बर्फ होतं, आणि आदल्या दुपारी पाय रुतत होता त्याच उतारावरून माणूस पहाटे खुशाल चालून जातो. ढग आले तर? ते तीच उष्णता खाली परत पाठवतात, बर्फ नीट गोठत नाही. उबदार, ढगाळ रात्रीनंतरची सकाळ म्हणूनच वाईट. त्यात पाऊस पडला तर विचारूच नका.

दिशेचाही हिशेब असतो. सकाळी पूर्वेकडचे उतार तापतात, मग दक्षिणेकडचे, दुपारनंतर पश्चिमेकडचे. उत्तरेकडचे उतार कित्येक आठवडे मागे असतात. रस्त्यालगतचा बर्फ सरला म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आणि वसंतातही नवा बर्फ पडतोच. ४ एप्रिल २०२३ रोजी गंगटोकहून नथुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले. वेळ दुपारच्या सुमाराची होती.

काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडसाठी डीआरडीओची चंदीगडची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते निघण्याआधी वाचावेत. उतारावर मात्र डोळे आणि पायच कामाला येतात. उन्हानं तापलेल्या खडकापासून सुटलेले बर्फाचे गोळे गरगरत, मोठे होत खाली येऊ लागले, की वरचा उतार ओला झाला असं समजावं. पुण्या-मुंबईहून मे महिन्यात हिमालयात गेलेल्यांना गाइड मध्यरात्रीनंतर दोन-तीनला उठवतो, तेव्हा तंबूत कुरकुर होते. पण त्याचा सगळा बेत रात्रीच्या त्या गोठण्यावर बांधलेला असतो. पाय घोट्याच्या वर रुतायला लागला की जाणता गाइड परत फिरतो, शिखर अर्ध्या तासावर का असेना.