रिपोर्टमधला जंतू नेमका कुणाचा?

काही महिन्यांपूर्वी कोपरखैरण्याच्या एक बाई माझ्याकडे आल्या. खोकला केव्हाच थांबलेला, वजन घटलेले नाही, एक्स-रे स्वच्छ. तरीही बेडक्याच्या कल्चरमध्ये क्षयाचे जंतू वाढल्याचा रिपोर्ट हातात. “डॉक्टर, बाळाला जवळ घेऊ की नको?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

असा रिपोर्ट बहुधा खराच असतो. पण क्वचित चुकतो. प्रयोगशाळेत अनेकांचे नमुने पाठोपाठ हाताळले जातात. एखादा थेंब उडाला किंवा सामाईक द्रावणात जंतू शिरले, की एकाचे जंतू दुसऱ्याच्या नळीत वाढतात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, कल्चर पॉझिटिव्ह आलेल्या शंभर रुग्णांत सुमारे तिघांचे रिपोर्ट असे खोटे होते. त्यांच्या वाट्याला सहा महिने नाहक गोळ्या आणि यकृताला त्रासाची भीती.

ही चूक पकडायची कशी? जंतूची कुंडली वाचून! क्षयजंतूच्या जनुकद्रव्यात सुमारे 44 लाख अक्षरे असतात. 1998 साली ती प्रथम पूर्ण वाचली गेली. दोन वर्षांत त्यातले सरासरी एखादेच अक्षर बदलते. त्यामुळे अनोळखी माणसांच्या दोन नळ्यांतले जंतू तंतोतंत सारखे निघाले, की संशय बळावतो.

अनेक प्रयोगशाळा पडताळणीसाठी ‘एच 37 आरव्ही’ नावाचा जंतू बाळगतात. त्याचे मूळ 1905 साली अमेरिकेतल्या एका रुग्णात सापडले. तोच आपल्या रुग्णाच्या नळीत निघाला, तर तो छातीतला नव्हे, प्रयोगशाळेतला!

मात्र घरातल्या एकाचा क्षय दुसऱ्याला लागला, तरीही जंतू सारखेच असतात. म्हणून नोंदवहीही पाहावी लागते: दोन्ही नमुने एकाच दिवशी, लागोपाठ हाताळले होते का? रुग्ण एकमेकांच्या सहवासात होते का?

मुंबईत वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चमध्ये क्षयजंतूंच्या जनुकवाचनाचे काम झाले आहे. पण ही तपासणी प्रत्येकाची होत नाही. साधा उपाय म्हणजे नव्याने नमुने देणे. बाईंनी ते दिले. कल्चरला सहा आठवडे लागले. जंतू वाढले नाहीत. आजही त्या ठरल्या दिवशी तपासणीला येतात, बाळाला कडेवर घेऊन.

वाचकहो, एक विनंती. हे वाचून कुणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत. शंका असेल तर डॉक्टरांना एवढेच विचारा, “हा रिपोर्ट माझ्या तब्येतीशी जुळतो का?”