मोडीचे खिळे

मोडी ही बोरूची लिपी. लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढी आणि मग तिच्याखाली अक्षरे गुंफीत जाई. हात शक्यतो उचलायचा नाही, शब्द तोडायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाच्या विचारात थांबायचे नाही! म्हणूनच तिचे वळण गोल, डौलदार आणि वाहते झाले.

अशा वाहत्या अक्षराचे सुटे खिळे पाडणे म्हणजे ओघाचे तुकडे करणे. तरीही ते झाले, आणि तेही महाराष्ट्रात नव्हे, बंगालमध्ये. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण श्रीरामपूरच्या छापखान्यात १८०५ साली निघाले, ते बाळबोध खिळ्यांत. १८१० चा त्यांचा मराठी कोश मात्र मोडी खिळ्यांत छापला गेला. कारण मराठी माणसाचा रोजचा व्यवहार मोडीत चाले.

पण मोडीचा मुख्य गुण जो वेग, तो छापखान्यात निरुपयोगी ठरतो. खिळा मोडीचा असो वा बाळबोधाचा, जुळाऱ्याला तो उचलायला वेळ सारखाच लागतो. उलट बाळबोधात शब्द सुटे आणि ऱ्हस्व-दीर्घ स्पष्ट, म्हणजे वाचणाऱ्याची सोय. छापील मराठी बाळबोधाकडे गेली. शाळांची मोडी वाचनपुस्तके शिळाप्रेसवर निघत. तेथे हस्ताक्षरच दगडावर उतरते, ओघ तुटत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतूनही गेली.

२०१४ साली युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडीला स्थान मिळाले आणि संगणकावर तिचे फॉन्ट वापरणे सुकर झाले. त्यांचा उपयोग कोठे करावा? लग्नपत्रिकेवर, ग्रंथाच्या मुखपृष्ठावर चार शब्द मोडीत शोभतात. आमंत्रणाचा सारा मजकूर मोडीत छापला, तर पाहुणा तिथी-वेळ कशी वाचणार? याहून मोलाचा उपयोग शिक्षणाचा. मोडीची अक्षरओळख आता स्वच्छ, एकसारख्या अक्षरांत छापून देता येते.

मात्र फॉन्टातला ‘क’ प्रत्येक वेळी तोच असतो. कारकुनाचा ‘क’ ओळीगणिक बदलतो. आपल्या सोलापुरात ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांची मोडी खरेदीखते असतील, त्यांनी छापील धड्यावर थांबू नये. अक्षरे तेथे ओळखावीत, पण सराव जुन्या कागदांवरच करावा. आपल्या घराची चतुःसीमा आपल्याला वाचता येणे, हा या विद्येचा पहिला लाभ.